पडद्याच्या कडेचें पंचांग

पंचांगाला पांचच अंगें असतात : तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण. आकाशांत मोजण्यासारखें याहून कितीतरी अधिक आहे, हें पंचांगकर्त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरीहि गृहस्थानें सकाळीं उठून ज्यांवर नजर टाकावयाची, त्या गोष्टी त्यांनीं पांचावर आणून ठेविल्या. आजच्या संगणकाच्या पडद्यावरहि असेंच एक पंचांग असतें. पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला एक अरुंद पट्टी दिसते. वेळ किती झाली, बॅटरी किती उरली, आवाज किती ठेविला आहे, अशा नोंदी तींत बारीक अक्षरांनीं केलेल्या असतात. या पट्टीला स्टेटस बार म्हणतात. मराठींत तिला स्थितिपट्टी म्हणावयास हरकत नाहीं. तिच्यांतील एकेका नोंदीस विजेट अशी संज्ञा आहे.

बहुतेकांच्या संगणकावर ही पट्टी आयती तयार होऊन येते, आणि तिच्यांत काय असावें व काय नसावें हा प्रश्न त्यांच्या मनांत कधीं उभाच राहत नाहीं. परंतु लिनक्स वापरणाऱ्यांमध्यें एक वर्ग असा आहे कीं, जो ही पट्टी स्वतःच्या हातानें रचतो. हा वर्ग ज्या प्रोग्रामचा आश्रय करतो त्यास टाइलिंग विंडो मॅनेजर म्हणतात. त्याची रीत आधीं समजून घेतली पाहिजे.

सामान्य संगणकावर खिडक्या टेबलावर पसरलेल्या कागदांप्रमाणें एकमेकींवर पडतात. खालचा कागद पाहावयाचा तर वरचा बाजूस सारावा लागतो. टाइलिंग विंडो मॅनेजर खिडक्या बसवितो त्या अंगणांत फरशा बसवाव्या तशा. एकच खिडकी असली म्हणजे ती सारा पडदा व्यापते. दुसरी उघडतांच पडद्याचे दोन भाग होतात. तिसरी आली कीं पुन्हां वांटणी होते. एक खिडकी दुसरीला झांकीत नाहीं, आणि मध्यें रिकामी जागा राहत नाहीं. माऊसनें ओढाओढ करण्याचें कारण उरत नाहीं. बहुतेक व्यवहार कीबोर्डवरील बटणांनीं होतो.

ही कल्पना मुळींच नवी नव्हे. १९८५ सालीं निघालेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तींत मुख्य खिडक्या शेजारीं शेजारींच बसत. त्या एकमेकींवर चढूं लागल्या त्या १९८७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत. पुढें बाजारांत चढणाऱ्या खिडक्यांचीच रीत रूढ झाली. पण युनिक्स व लिनक्स वापरणाऱ्यांपैकीं कांहींनीं फरसबंदीची रीत सोडली नाहीं. २००६ सालीं डीडब्ल्यूएम, २००७ सालीं एक्समोनॅड आणि २००९ सालीं जर्मन प्रोग्रामर मायकेल स्टापेलबर्ग यांचा आय-थ्री असे प्रोग्राम एकामागून एक निघाले. यांतील आय-थ्री हा रचनेनें सुबोध असल्यामुळें स्थितिपट्टीचें स्वरूप समजण्यास तो विशेष सोयीचा आहे.

अशा पडद्यावर शोभेचीं चित्रें नसतात, बटणांची रांग नसते, खिडक्यांमधून डोकावणारी पार्श्वभूमीहि नसते. यंत्राच्या अंतरंगाची बातमी देणारी जागा एकच उरते, ती म्हणजे ही पट्टी. ती रचणारा मनुष्य वस्तुतः एका निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देत असतो : काम करीत असतांना डोळ्याच्या कोपऱ्यांत उभें राहण्याचा मान कोणत्या बातमीस द्यावयाचा?

हा प्रश्न हौसेचा नव्हे. अशी एक अनुवादिका डोळ्यांपुढें आणावी कीं, जी रात्रीं निजानीज झाल्यावर लॅपटॉपवर कादंबरीचें भाषांतर करीत बसते. तिनें आय-थ्री नव्यानेंच घेतला आहे, आणि नव्या गृहिणीनें फडताळ भरावें त्या उत्साहानें पट्टी भरली आहे. तारीख, वेळ, प्रोसेसरचा भार, त्याचें तपमान, पंख्याचा वेग, वापरलेली स्मृति, डिस्कवरील मोकळी जागा, येणाऱ्या मजकुराचा वेग, जाणाऱ्या मजकुराचा वेग, वायफायचें नांव, यंत्राचा जाळ्यावरील पत्ता, आवाज, हवामान आणि बॅटरी : अशीं चौदा विजेटें, सर्व एकाच करड्या रंगांत. त्या रात्रीं भिंतींतील प्लग सैल बसलेला असतो. बॅटरी चाळीस टक्क्यांवरून वीसवर येते, विसांवरून पांचावर येते, आणि एका वाक्याच्या मध्यावर पडदा काळा होतो. शेवटचीं दोन पानें जतन करावयाचीं राहिलेलीं असतात; तीं जातात. पट्टीनें कांहीं लपविलें होतें काय? मुळींच नाहीं. दर पांच सेकंदांनीं, म्हणजे तासाला ७२० वेळां, तिनें खरा आंकडा सांगितला होता. पण तेरा जणांच्या गलबल्यांत चौदाव्याची हांक ऐकूं आली नाहीं, इतकेंच.

हा गलबला कसा मिटवावा, हें कळण्यासाठीं पट्टीची अंतर्रचना पाहावी लागते. आय-थ्रीमध्यें काम दोघांत वांटलेलें आहे. आय-थ्री-बार नांवाचा प्रोग्राम पट्टी रंगवितो. डाव्या बाजूस तो निरनिराळ्या कार्यपटलांचे क्रमांक दाखवितो आणि उजवी बाजू बातमीसाठीं मोकळी ठेवतो. बातमी आणण्याचें काम मात्र दुसऱ्या प्रोग्रामचें. आय-थ्री-स्टेटस हा असा एक बातमीदार होय. तो एक कंस उघडतो आणि त्यांत ठराविक कालानें एक एक यादी लिहीत जातो. यादींतील प्रत्येक नोंद म्हणजे एक विजेट, तिच्याबरोबर तिचा मजकूर, तिचा रंग, तिचें नांव. पहिला कंस प्रोग्राम चालू असेपर्यंत मिटत नाहीं, कारण बातमी संपत नाहीं. डीडब्ल्यूएमची तऱ्हा तर याहून साधी. पडद्याच्या मुळाशीं एक अदृश्य मूळ खिडकी असते. तिला जें नांव द्यावें तें डीडब्ल्यूएम पट्टीवर दाखवितो. कोणताहि लहानसा प्रोग्राम तें नांव बदलीत राहिला कीं पट्टी तयार झाली.

चित्रकार व बातमीदार असे निराळे ठेवण्यांत मोठा लाभ आहे. बातमीदार बदलावा, चित्रकारास त्याचें सोयरसुतक नाहीं. हीच रीत पुढें वेलँड या नव्या पद्धतीवर चालणाऱ्या स्वे नांवाच्या विंडो मॅनेजरनेंहि उचलली. तेव्हां एकदां शिकलेली विद्या तेथेंहि उपयोगीं पडते.

आय-थ्री-स्टेटसची घडण एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असते. तींत प्रथम क्रम सांगावयाचा : आधीं कोणतें विजेट, मग कोणतें. एखादें नांव क्रमांतून काढलें कीं तें विजेट पट्टीवरून गेलें. नंतर प्रत्येक विजेटासाठीं एक परिच्छेद. त्यांत मजकुराचा सांचा, म्हणजे कोणते शब्द तसेच ठेवावयाचे आणि कोणत्या जागीं आंकडा भरावयाचा, हें लिहावयाचें. फाइल लिहिणें कठीण नाहीं. कठीण आहे तें प्रत्येक आंकड्याचा अर्थ जाणणें. कारण अर्थ न कळतां दाखविलेला आंकडा हा दुसऱ्याच्या नाडीवर हात ठेवून ठोके न मोजण्यासारखा आहे.

बॅटरीचाच आंकडा घ्यावा. लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, बॅटरीची स्थिति फाइलींच्या रूपानें दाखवितो. या फाइली डिस्कवर नसतात; कोणी वाचावयास आला म्हणजे कर्नेल त्या तेथल्या तेथें तयार करून देतो. समजा, बॅटरींत २४ वॅट-तास शक्ति उरली आहे आणि यंत्र ८ वॅट खर्च करीत आहे; तर भागाकार करून ३ तास उरले असें निघतें. टक्केवारींत मात्र एक मेख आहे. कारखान्यांतून निघतांना ५० वॅट-तास धरणारी बॅटरी कांहीं वर्षांनीं ३५ च धरते. ती पूर्ण भरल्यावर शंभर टक्के म्हणावयाचें कीं सत्तर? मूळच्या क्षमतेशीं तुलना केली तर सत्तर, आजच्या क्षमतेशीं केली तर शंभर. आय-थ्री-स्टेटसला यांपैकीं कोणतेंहि सांगतां येतें, पण निवड मनुष्यानेंच करावयाची असते. आज किती वेळ काम होईल हें पाहावयाचें असेल तर टक्केवारीपेक्षां उरलेले तास व मिनिटें दाखविणें सर्वांत उत्तम.

प्रोसेसरचा भार म्हणून जो आंकडा दाखवितात तोहि असाच फसवा. तो टक्के नव्हे. चालूं असलेलीं आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणारीं कामें सरासरीनें किती आहेत, हें तो सांगतो, आणि लिनक्समध्यें डिस्कची वाट पाहत अडकलेलीं कामेंहि त्यांत धरलीं जातात. चार कोअरच्या यंत्रावर ४ हा भार म्हणजे चारी हात कामांत गुंतले. एका कोअरच्या यंत्रावर तोच ४ म्हणजे एकाच्या हातीं काम आणि तिघे रांगेंत. तेव्हां धोक्याची मर्यादा दुसऱ्याच्या फाइलींतून जशीच्या तशी उतरून घेणें व्यर्थ होय. स्मृतीचेंहि तसेंच. रिकामी स्मृति किती, हा आंकडा नेहमीं लहान दिसून नवखा मनुष्य घाबरतो. वस्तुतः लिनक्स पडून राहिलेल्या स्मृतींत वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवून देतो आणि गरज पडतांच ती जागा सोडतो. म्हणून २०१४ सालीं कर्नेलनें ‘उपलब्ध स्मृति’ असा निराळा आंकडा देण्यास सुरुवात केली; विजेटांत तोच दाखवावा.

आतां प्रश्न येतो तो किती वेळानें पाहावें याचा. टपालवाला आला कीं काय हें पाहण्यासाठीं कोणी दर पांच मिनिटांनीं दाराशीं जातो, तर कोणी घरांत आपलें काम करीत बसतो आणि कडी वाजतांच उठतो. पट्टीमध्येंहि या दोन्ही रीती आहेत. ठराविक कालानें पाहण्याची रीत सोपी, पण खर्चिक. दहा विजेटें आहेत, प्रत्येकासाठीं एक लहान प्रोग्राम दर सेकंदाला नव्यानें चालवावा लागतो असें धरलें, तर तासाला ३६,००० वेळां प्रोसेसरला या कामासाठीं उठावें लागेल. आणि ज्या बॅटरीची काळजी म्हणून पट्टी मांडली, तिचीच शक्ति पट्टी खाऊं लागेल. घड्याळांत सेकंद दाखवावयाचे नसतील तर दर सेकंदाला पाहण्याचें कारण काय? डिस्कवरील मोकळी जागा दहा मिनिटांनीं पाहिली तरी चालते.

आवाजाच्या विजेटास दुसरी रीत शोभते. आवाज मनुष्यानें बटण दाबल्यावांचून सहसा बदलत नाहीं. तेव्हां आवाज वाढविण्याच्या बटणाशींच अशी जोड करून ठेवावी कीं, आवाज बदलतांच बातमीदाराला एक इशारा जावा. आय-थ्री-स्टेटस असा इशारा मिळतांच ठरलेल्या वेळेची वाट न पाहतां नवी यादी लिहितो. आणखी एक काटकसर आय-थ्री-बार आपण होऊन करतो : पट्टी दृष्टीआड झाली म्हणजे तो बातमीदाराला थांबण्याचा इशारा देतो आणि ती पुन्हां दिसूं लागतांच त्यास जागें करतो. ज्या बातमीला वाचक नाहीं ती गोळा कशाला करावयाची?

यानंतर दिसण्याचा विचार. मनुष्याचा डोळा कडेला झालेली हालचाल चटकन् टिपतो. स्थिर वस्तूकडे मात्र तो सहज दुर्लक्ष करतो. म्हणून पट्टींत विनाकारण कांहींहि हलूं नये. ९ चे १० झाले, ९९ चे १०० झाले, कीं शेजारचीं सर्व विजेटें डावीकडे सरकतात आणि वाचणाऱ्याची नजर लिहिण्यावरून ओढली जाते. यास उपाय आहे : प्रत्येक विजेटास किमान रुंदी ठरवून देतां येते, म्हणजे आंकडा बदलला तरी शेजारी जागचा हलत नाहीं. जागा अपुरी पडल्यास दाखवावयाचा संक्षिप्त मजकूरहि निराळा देतां येतो. रंगाविषयीं नियम एकच : जेथें सर्वच रंगीत, तेथें रंगास अर्थ नाहीं. शिवाय कित्येकांना लाल व हिरवा यांतील भेद नीट दिसत नाहीं. तेव्हां धोका केवळ रंगानें न सांगता शब्दानेंहि सांगावा.

मराठी घरांत ही पट्टी मराठींत असावी असें वाटल्यास तेंहि शक्य आहे. आय-थ्री-स्टेटसच्या घड्याळाला भाषा सांगण्याची सोय आहे. यंत्रावर मराठीची स्थानिक माहिती बसविलेली असली म्हणजे वार व महिना देवनागरींत येतात. मात्र येथें चित्रकाराची परीक्षा होते. ‘शनिवार’ लिहितांना नि या अक्षराची वेलांटी साठविली जाते व्यंजनानंतर, पण काढावी लागते व्यंजनाच्या आधीं. ‘शुक्रवार’ लिहितांना क आणि र यांचें जोडाक्षर करावें लागतें. आय-थ्री-बारमध्यें अक्षराचा ठसा सांगतांना त्याच्या नांवाआधीं ‘पँगो’ हा शब्द लिहिला म्हणजे पँगो नांवाची लायब्ररी हें काम बिनचूक करते. मूळच्या डीडब्ल्यूएममध्यें अक्षरें जुळविण्याची ही सोय नाहीं. तेथें वेलांटी भलत्याच ठिकाणीं पडते आणि जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो.

याहून पुढें जाणाऱ्यांसाठीं आय-थ्री-ब्लॉक्स नांवाचा बातमीदार आहे. त्यांत प्रत्येक विजेट म्हणजे वापरणाऱ्यानें स्वतः लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम. तो जें छापील तें पट्टीवर उमटतें. त्यानें कांहींच छापलें नाहीं तर तें विजेट दिसतच नाहीं. आणि तो ३३ हा निर्गम-अंक देऊन संपला तर तें तातडीचें समजून आय-थ्री-बार निराळ्या रंगांत उठून दिसेल असें रंगवितो. विजेटावर माऊसनें टिचकी मारल्यास तिचीहि खबर त्या प्रोग्रामला मिळते. यांतील सर्वांत मोलाची सोय कोणती, असें विचारल्यास ती बोलण्याची नव्हे, गप्प राहण्याची होय.

ती अनुवादिका दुसऱ्या दिवशीं पट्टी पुन्हां मांडावयास बसते तेव्हां तिला हेंच उमगतें. ती प्रत्येक विजेटास दोन प्रश्न विचारते. हा आंकडा बदलला तर हातून कांहीं निराळें घडणार आहे काय? आणि घडणार असेल तर तें नेहमीं, कीं क्वचित्? पंख्याचा वेग वाढला म्हणून ती कधीं कांहीं करीत नाहीं. तें विजेट जातें. हवामान पाहावयास खिडकी आहे, तेंहि जातें. प्रोसेसरचा भार, त्याचें तपमान, स्मृति, मजकुराचे दोन्ही वेग, यंत्राचा पत्ता, हीं गरज पडेल तेव्हां आज्ञा देऊन पाहतां येतात. तारीख व वेळ एकत्र होऊन एकच विजेट राहतें. आवाज राहतो, पण शून्यावर असेल तेव्हांच दिसतो. वायफायचें नांव जातें. जोडणी तुटली तरच तसा एक शब्द उमटतो. डिस्क भरत आली तरच मोकळ्या जागेचा आंकडा येतो. आणि बॅटरी भरपूर असेल तोंवर मौन पाळते, अर्धा तास उरला म्हणजे मिनिटें सांगूं लागते, आणि दहा मिनिटें उरलीं कीं रंग बदलून हांक मारते.

मोजून पाहिलें तर हीं पांचच होतात. त्यांतील चार बहुधा अदृश्यच असतात. पडद्याच्या कडेला वार, तारीख आणि वेळ एवढेंच दिसतें. एखाद्या जाणत्या स्नेह्यानें ती पट्टी पाहिली तर त्यास ती अपुरी वाटेल, आणि बनविणाऱ्या बाईस फारसें येत नाहीं असाहि त्याचा ग्रह होईल. पण पट्टीचें मोल तिच्यांत काय काय आहे यावरून ठरत नाहीं. फाइल हातानें लिहितां येते याचा अर्थ ती रोज लिहीत बसावी असा नव्हे. तीं दोन पानें पुन्हां लिहून काढावयाचीं असतात, आणि तीं पट्टींत नव्हे, पट्टीखालच्या खिडकींत लिहावयाचीं असतात. पट्टी चांगली साधली याची खूण एकच : घरांतील शहाण्या वडील माणसाप्रमाणें ती दिवसभर कडेला बसून असते, कोणाच्या कामांत तोंड घालीत नाहीं, आणि बोलावयाची वेळ आली कीं तिचा एक शब्द ऐकून लिहिणारा हात तत्काळ थांबतो.